लिंबू उचलणारा हात

बांद्याला बसमध्ये माझ्या शेजारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी येऊन बसली. मांडीवर चाकांचा रोबोट होता. बसल्याबसल्या तिने वेणी शर्टाच्या आत खोचली आणि स्क्रूड्रायव्हर दातांत धरला.

मागच्या सीटवरून तिच्या संघातला मुलगा ओरडला, "दोन-दोन स्पर्धांत नाव घातलंस, आता भोग गो!"

"गप रे! रोबोट काल गोव्यात धावलो, आज सावंतवाडीत वस्तू उचलतलो."

मग ती मला सांगू लागली. कालच्या स्पर्धेच्या नियमांत रोबोटला हात चालत नव्हता, म्हणून काढला. आजच्या स्पर्धेत हाताशिवाय घेणारच नाहीत. मला ते लगेच कळलं. माहेरची रीत सासरी कुठे चालते?

तिने दप्तरातून रोबोटचा सुटा हात काढला आणि त्याचे बारीक स्क्रू माझ्या तळहातावर ठेवले. "मावशी, घट्ट धरा हां. एक पडलो तरी आमी घराक!"

मी मूठ इतकी आवळली की ते हातात रुतले. ती मागेल तसा एकेक देत गेले.

इन्सुलीला बस थांबली तेव्हा रोबोटचा हात बसला होता. "मावशी, काय तरी आसा उचलूक?"

मी पिशवीतलं लिंबू आमच्या मध्ये सीटवर ठेवलं. पहिल्यांदा ते निसटलं. तिने रोबोटची बोटं किंचित वळवली, पुन्हा बटण दाबलं. लिंबू वर गेलं.

"उचलल्यान!" मी ओरडलेच.

कंडक्टर वळला. "काय झाला गो?"

"आमच्या रोबोटान लिंबू उचलल्यान!"

ती खळखळून हसली. "मावशी, स्पर्धा अजून होवची आसा."

सावंतवाडीला मुलं धावतच उतरली. माझं तिकीट पुढच्या कुडाळचं होतं. मीही उतरले.