वरातीच्या गाडीवरची कहकशाँ

गाण्याआधी कहकशाँ मीठ चाटायची, चपला काढायची, माइक ओढणीने मनगटाला बांधायची.

विसरवाडीच्या हायवेवर शाळेच्या मुलींसाठी गतिरोधक हवा, म्हणून ती सहा वर्षं हार्डकोर पंक गात, खरं तर किंचाळत राहिली. साउंड फक्त माझ्या, लग्नात वाजणाऱ्या डीजेच्या गाडीवर मिळायचा. गाडी दिसली की लोक वरात समजून नाचायला यायचे.

“ताई, नाचानं गाणं लाव ना!”

“नाचा! उद्या आठेच, ह्याच रस्तावर मरशात!”

ते आणखी नाचायचे.

गतिरोधकासाठी तिने केलेल्या अर्जांना उत्तर आलं नाही. सोमवारी दुपारी तिने स्वतःच रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे रंगवायला घेतले. रंगाचा डबा माझ्या हातात होता. चौथ्या पट्ट्यावर ट्रकने तिला उडवलं. ती जागीच गेली.

पट्टे अजून निम्म्या रस्त्यापर्यंतच आहेत.