जोडीची झडती

अंबादासभाऊंना मदन महालच्या त्या बोलण्याच्या दवाखान्यात मी नेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आता आमच्या चेरीतालच्या वस्तीत जो तो मला विचारतो की, इंदिराताई, तुम्हाला ही नसती उठाठेव सांगितली होती कोणी?

कोणी नव्हती सांगितली. आमची भिंतीला भिंत. मी रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, एकटी, आणि शेजारचा माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललेला. बारूदीच्या कारखान्यातली चौतीस वर्षांची नोकरी संपवून चार वर्षांपूर्वी ते घरी बसले आणि त्यांची झोप उडाली, जेवण तुटलं. छातीची पट्टी काढून झाली, पोटाचे फोटो झाले, सगळं ठणठणीत. "ताई, हा माणूस नुसता ताटाकडे पाहून राहते," त्यांची बायको शेवंता मला म्हणायची. "मी काय करू?" शेवटी एका डॉक्टरनेच त्या दवाखान्याचा पत्ता दिला. शेवंताचे गुडघे जिने चढू देत नाहीत, म्हणून सोबत मी.

तिथे प्रणोती नावाची तिशीतली समुपदेशक मुलगी बसते. आजोळ नागपूरचं, मराठी सगळी समजते, बोलायला गेली की हिंदीत घसरते. तिने पहिले तीन आठवडे दुःखाचं नावसुद्धा काढलं नाही. काय खाता, किती चालता, श्वास कुठपर्यंत जातो, विहारात जाता का, शेवटचं हसलात कधी. पोट, पाठ, मन सगळं एकाच माणसाचं, तर विचारायचंही सगळंच, असं तिचं म्हणणं. एवढ्या चौकशा तर पोरीचं लग्न जमवताना करत नाहीत.

अंबादासभाऊ दर गुरुवारी तिच्या दाराशी थांबत. खिसे रिकामे करत. मोबाइल, किल्ल्या, कंगवा, सगळं माझ्या हातात देत आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभे राहत. पहिल्यांदा प्रणोती गोंधळली. "काकाजी, हे काय?"

"सवय आहे बेटा," ते म्हणाले.

बारूद भरायच्या खोलीत ठिणगी पडेल अशी कुठलीच वस्तू चालत नसे. गेटवर शिपाई तपासायचाच, पण खोलीच्या दाराशी कामगार पुन्हा एकमेकांना तपासायचे, पाळीपाळीने. तिला ते जोडीची झडती म्हणत. उडालो तर सगळेच उडू, म्हणून आपल्या माणसाचे खिसे आपणच पाहायचे.

त्या खोलीत घडलेली एक गोष्ट आमच्या सगळ्या वस्तीला ठाऊक होती. तीस वर्षांपूर्वी तिथे बारूद भडकून विठोबा जळून मेला. विठोबा म्हणजे शेवंताचा पहिला नवरा आणि अंबादासभाऊंचा जिवलग. त्याच्या अर्धवट जळालेल्या सदऱ्यात काडेपेटी सापडली. झडती होऊनही आत गेली म्हणजे याने ती लपवून नेली, असा चौकशीचा निकाल लागला. बिडीपायी मेला, असं लोक शेवंताच्या तोंडावर बोलायचे. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची, पदरात तीन वर्षांचा धम्मदीप. वर्षभराने अंबादासभाऊंनी विहारात तिच्याशी लग्न केलं. वस्तीने त्यांना डोक्यावर घेतलं, मीही घेतलं. धम्मदीप त्यांना बाबा म्हणतच मोठा झाला. विठोबाचा फोटो मात्र त्या घरात कधी लागला नाही. "ज्याले बायकोपोरापेक्षा बिडी मोठी, त्याचा फोटो काहून लावू?" शेवंता म्हणायची.

सातव्या गुरुवारी अंबादासभाऊ डोळे पुसत बाहेर आले. ऑटोत बसल्यावर म्हणाले, "दीदी, त्या दिवशी झडतीची पाळी माही होती."

त्यांच्या किल्ल्या अजून माझ्याच हातात होत्या.

"इठोबाले उशीर झाला होता. पळत आला. गेटवरही त्याले गर्दीत तसंच सोडलं होतं. मी म्हटलं, चल, जा अंदर. खिशाले हात लावला असता तर माचिस हाती आली असती. त्यानं लपवली नव्हती, घाईत विसरला होता. मंग साहेबानं इचारलं, झडती घेतली काय? मी म्हटलं, घेतली."

ऑटो सिग्नलला थांबला होता. ते पुढे म्हणाले, "शेवंताले सांगितल्याबिगर मले झोप नाही. अन् सांगितलं, तर ती अन् धम्मदीप माहे राहणार नाही."

प्रणोतीने त्यांना थांबायला सांगितलं होतं. "काकाजी, बोझ उतरवणं अलग आणि दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं अलग. थोडं रुका ना." पोरगी शहाणी. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, सांगून मोकळे व्हा भाऊ, शेवंता समजूतदार आहे.

पुढच्या गुरुवारी शेवंता एकेक पायरी धरत वर आली. ताईही आत बसतील, अशी तिची अट होती. अंबादासभाऊंनी खिसे रिकामे केले, हात पसरले, आत बसले आणि खाली बघून सगळं सांगितलं. शेवंता पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. प्रणोतीने पुढे केलेलं पाणी तिने घेतलं नाही.

"तीस वर्ष मी त्या माणसाले शिव्या देल्या," ती म्हणाली. "पोराले सांगत आली, तुहा बाप बेफिकीर होता. आता माफी कोणाले मागू? आहे काय तो कुठं?"

"काकीजी, तुम्ही पण येत जा. अकेले," प्रणोती म्हणाली.

"कायले? इथं बोलून ह्यायले झोप लागन. माही तर आजपासून गेली."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत भिंतीपलीकडून अंबादासभाऊंचं घोरणं ऐकू येत होतं. चार वर्षांनी माणूस झोपला होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या घोरण्याची मला चीड आली आणि माझी स्वतःचीही. ते जेवायला लागले, बोलायला लागले. शेवंता त्यांना वाढायची आणि तोंड उघडायची नाही. तिने ट्रंकेच्या तळातून विठोबाचा फोटो काढून पुसला आणि समोरच्या भिंतीवर लावला. मग पुण्याला, धम्मदीपला फोन केला.

धम्मदीप रविवारी आला. फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो एवढंच विचारत होता, "ते काडेपेटी खिशात विसरले होते, हे नक्की ना?"

"नक्की. त्याचा काही कसूर नव्हता," अंबादासभाऊ म्हणाले.

धम्मदीपने मान हलवली. संध्याकाळच्या गाडीने तो आईला घेऊन निघाला. शेवंताने फोटो भिंतीवरून उतरवला, साडीत गुंडाळून पिशवीत ठेवला आणि माझ्याकडे न बघता ऑटोत जाऊन बसली.

अंबादासभाऊ दारात उभे होते. धम्मदीप सवयीने त्यांच्या पायांशी वाकायला गेला आणि अर्ध्यावरच थांबला. सरळ होऊन त्याने हात जोडले.

"येतो, काका," तो म्हणाला.