मामांचा पाय

मधुमेहाच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं तेव्हा आधी माझं डोकंच फिरलं. इथे गुजरातेत पर्वत पाटियाजवळच्या आमच्या दवाखान्यात सकाळपासून साखर तपासायला रांग लागते. बोटाला सुई टोचायची, आकडा लिहायचा, गोळ्या द्यायच्या, ‘भात कमी खा’ म्हणायचं आणि पुढचा पेशंट. हे काम मी झोपेतसुद्धा करेन. मग दिवसभर हॉलमध्ये बसून आता आणखी काय शिकायचं? चहा, खमण आणि डुलक्या, एवढाच माझा अंदाज होता.

शिकवायला एक वयस्कर गुजराती डॉक्टरबाई आल्या होत्या. भाषण वगैरे भानगडीत त्या पडल्याच नाहीत. सगळ्यांना चपला-बूट काढायला लावले आणि म्हणाल्या, शेजारच्याचा पाय हातात घेऊन तपासा. हॉलभर खसखस पिकली. एका डॉक्टरांच्या मोज्याला भोक होतं, ते बिचारे घामाघूम झाले. मग बाई स्वतःच जमिनीवर बसल्या, त्याच डॉक्टरांचा पाय मांडीवर घेतला. बाईंच्या हातात नायलॉनचा जाडसर दोरा होता. पेशंटने डोळे मिटायचे, आपण दोरा तळव्यावर वाकेपर्यंत टेकवायचा आणि विचारायचं, लागतंय का? साखरेने बधिर झालेल्या पायाला ते कळत नाही. ‘‘मधेच एकदा न टेकवता विचारा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पेशंट मोठा प्रेमळ असतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणतो.’’ शेवटी त्यांनी गुजरातीत बजावलं, ‘‘पग जोया वगर दर्दीने जवा देवानो नहीं.’’ पाय पाहिल्याशिवाय पेशंटला जाऊ द्यायचं नाही.

मी तो दोरा घेऊन घरी आले तेव्हा राग कुठल्या कुठे पळाला होता. खरं सांगते, नव्याने नर्स झाल्यासारखं वाटत होतं.

त्याच आठवड्यात माझे सख्खे मामा गोळ्या न्यायला आले. मामा भेस्तानला राहतात, लूम्सच्या कारखान्यात कापड विणतात. त्यांच्या घराजवळही दवाखाना आहे, पण भाचीच्या हातच्या गोळ्याच लागू पडतात अशी त्यांची ठाम समजूत. मी म्हटलं, ‘‘मामा, पाय दखाडा.’’ मामांनी दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले.

आमच्या खानदेशात भाची मामाच्या पाया पडत नाही. उलट मामाच भाचीच्या पाया पडतो, मग ती पाळण्यातली का असेना. मामांनी जन्मभर हे पाळलेलं. ‘‘भाचीना हात मना पायले लागना ते माले पाप लागी,’’ ते म्हणाले. ‘‘आनि काय व्हयनं मना पायले? दुखत बी नही.’’

दुखत नाही, याचीच तर मला धास्ती होती. आत येताना ते किंचित फेंगडे चालत होते. डॉक्टर लसीकरणाला बाहेर गेलेले. मामा आता उठून गेले असते तर गोळ्या संपेपर्यंत पुन्हा फिरकले नसते. मागे रांग कुरकुरायला लागली. मला रडूही येत होतं आणि संतापही. शेवटी मी सगळ्यांदेखत आवाज चढवला, ‘‘तुम्ही माले देवी मानतस ना? मंग देवीनं ऐका!’’

रांगेतल्या बायका हसल्या. मामांनी कपाळावर हात मारला, माझ्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि डावा पाय पुढे केला.

डोळे मिटून मामा बसले. मी दोरा टेकवला, विचारलं. ‘‘हा.’’ दुसरीकडे टेकवला. ‘‘हा.’’ मग दोरा हवेतच धरला आणि विचारलं. मामा प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, ‘‘हा बेटा, लागस ना!’’ लहानपणी मी काहीही मागितलं की ते असंच हा म्हणत.

पाय वर उचलून पाहिला. अंगठ्याखाली काळपट जखम होती आणि तिच्यात तारेचा एक तुकडा रुतून बसला होता. त्या तुकड्यावर उभं राहून त्यांनी कारखान्यातल्या किती पाळ्या केल्या होत्या कोण जाणे. अशा जखमेपायी अर्धा पाय गमावून गावी परतलेली माणसं मी पाहिली होती. लूमवर तर दिवसभर उभंच राहावं लागतं.

त्याच दिवशी मी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. अंगठा वाचेल असं तिथे कुणी छातीठोक सांगेना. रोज ड्रेसिंग, इन्सुलिन, आणि पायावर भार टाकायचा नाही. मामी पहारेकरी झाली. मामा चिडचिड करत, मामी त्यांच्या वरताण करे. पण साखर हळूहळू उतरली आणि जखम तळातून लालसर भरत आली. अंगठा राहिला.

मामा पुन्हा गोळ्यांना आले तेव्हा पुढून-मागून बंद असलेले मऊ बूट घालून आले. रांगेत त्यांच्यापुढे त्यांच्याच वयाचा एक खानदेशी गृहस्थ होता. मी पाय दाखवायला सांगितलं तर तो चपलेत बोटं आवळून बसला. बाईमाणसाच्या हातात पाय कसा देऊ, म्हणाला. मी काही बोलणार तोच मागून मामांचा आवाज आला.

‘‘काढ चप्पल. ती मनी सख्खी भाची शे. मी दिधा तिना हातमा पाय, तू काय लाजस?’’

खानदेशी माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. त्या गृहस्थाने चप्पल काढली, आणि त्याच्या मागच्या दोघांनीही.