आत्यांच्या माहेरची भिंत

मी सुप्याची. आमच्याकडं पाणी म्हणजे हंड्यातलं, टँकरचं, फार तर पाझर तलावातलं गुडघाभर. पलीकडचा काठ धड दिसत नाही एवढं पाणी बघून लोकांना मोकळं वाटतं म्हणे. मला घरी जावंसं वाटतं. लग्न होऊन बारामतीत आले तेव्हा कळलं की इथली माणसं सुट्टी लागली की गाडी काढून इंदापूरच्या अंगाला उजनीवर जातात, होडीत बसतात, रोहित पक्षी बघतात, काठावर तळलेले चिलापी मासे खातात आणि वर ह्याला मजा म्हणतात. मी दर वेळी काहीतरी निमित्त काढायची. पोटदुखी, पाहुणे, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या. एकदा सरळ सांगून टाकलं, मला भीती वाटते. त्यावर नवरा असा हसला की पुढच्या वेळी मी पुन्हा पोटदुखीवर आले.

त्या उन्हाळ्यात मात्र एकही निमित्त चाललं नाही, कारण सासूबाईंना माहेरी जायचं होतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत. त्यांचं माहेर जुनं पळसदेव. धरण झालं तेव्हा त्या परकरी पोर होत्या. गाव वर सरकलं, घर खाली राहिलं आणि त्यावर पाणी आलं. उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं की आधी देवळाचं शिखर दिसतं, मग हळूहळू अख्खं देऊळ, मग बाकीचं. अशा दिवसांत त्या गावच्या काही लेकी होडीनं जाऊन आपापल्या घराच्या जागेवर ओटी सोडतात. एरवी माहेर लेकीची ओटी भरतं, इथं लेकी माहेराची भरतात. आत्यांना आयुष्यभर भाजीपाला आणि बाजार ह्यातून सवड मिळाली नव्हती. आता त्यांनी धोसरा काढला होता. "एकदा जाऊन येऊ द्या मला. पुढं ध्येनात ऱ्हाईल न ऱ्हाईल."

हे शेवटचं मात्र त्या अगदी खरं बोलत होत्या. वर्षभरात त्यांचं विसरणं फार वाढलं होतं. आमटीत मीठ दोनदा पडायचं. गॅस पेटलेला आणि वर भांडंच नाही. माझी लेक तेव्हा दुसरीत होती. तिला त्या कधीकधी आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायच्या आणि पोरगीही गुणी, ओ द्यायची. डॉक्टर म्हणाले, वयोमान. म्हणेनात का. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ह्यांच्या हाती पोरीला द्यायची नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. आत्यांना ते कळत होतं.

काठावर एक होडीवाले तात्या भेटले. फायबरची होडी, मागं इंजिन. फळ्या उन्हानं तापतात म्हणून लाइफ जॅकेटं अंथरून त्यांच्या गाद्या केलेल्या. मी एक उचलून पोरीला घातलं, पट्टे दोनदा ओढून बघितले, आणि दुसरं स्वतः चढवलं.

"काय गं, केशरी कोट घालून वरातीला निघालीस व्हय?" आत्या म्हणाल्या. त्यांनी नवं हिरवं लुगडं नेसलं होतं. जॅकेटानं चुण्या पडतील म्हणून त्या जॅकेटावरच ठाण मांडून बसल्या. नवरा काठावर थांबला. त्याला आम्हा तिघींचा लांबून व्हिडिओ काढायचा होता.

देवळापर्यंत सगळं ठीक झालं. ठीक म्हणजे, मी फळीची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि पोरगी पाण्यात बोटं सोडून खिदळत होती. होडीच्या तळाशी थोडं पाणी हिंदकळत होतं. हे आत कसं आलं, असं मी विचारलं. "असतंय तेवढं," तात्या म्हणाले. असतंय तेवढं! मग मी सगळा वेळ त्या पाण्यावरच नजर ठेवून बसले, वाढतंय का बघत. इतक्या लांब जाऊन देऊळ काही मी बघितलं नाही.

मग आत्यांनी हात लांबवला. "हितनं डाव्या अंगाला घ्या, तात्या. देवळाच्या पाठीमागनं पाणंद जाती. तिच्या टोकाला आमचं घर."

"तिकडं जाळी लावल्याली असत्यात, आई. मी तिकडं कधी जात न्हाय. हितंच सोडा की ओटी."

"हितं? लोकाच्या दारात?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. पण मांडीवर खण-नारळ घेऊन बसलेल्या बाईला तुमच्या माहेरी जाऊ नका, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी तोंड मिटलं आणि तात्यांनी होडी वळवली.

समोर नुसतं पाणी. खूण म्हणावी तर काही नाही. आत्या मात्र गावातून पायी निघाल्यासारख्या सांगत होत्या. "ही चावडी. हितं पिंपळ व्हता. आता वळा." मला त्यांच्या त्या बोटाचीच भीती वाटायला लागली. आदल्या दिवशी ह्या बाईला स्वतःच्या घरातलं न्हाणीघर सापडत नव्हतं, आणि आज आम्ही तिच्या बोटावर विसंबून चाललो होतो.

आभाळ स्वच्छ होतं, तरी वारं सुटलं. उजनीवर उन्हाळ्यात दुपारचं सुटतं म्हणतात, पण मला कुणी सांगितलं होतं? पाण्याचा रंग बदलला. लाटा आल्या, आणि धरणाच्या पाण्याला लाटा असतात हेच मला माहीत नव्हतं. तेवढ्यात मागं घर्र झालं आणि इंजिन बंद पडलं.

"गुतलं जाळं," तात्या म्हणाले. ते मागं वाकले, तशी होडी वाऱ्याला आडवी झाली आणि एक लाट सरळ माझ्या मांडीवर येऊन पडली. मी किंचाळले. काठाकडं हात हलवले, दोन्ही. लांबून नवऱ्यानंही हात हलवला. मी आणखी जोरात हलवले, त्यानंही हलवला. माणूस व्हिडिओ काढत होता!

तळाचं पाणी आता घोट्यापर्यंत आलं होतं. पोरगी खिदळायची थांबली होती. तिनं माझ्या जॅकेटाचा पट्टा मुठीत धरला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला पोहता येत नाही. तिला येत नाही. जॅकेट घातलं की माणूस तरंगतं म्हणतात, पण तरंगत जायचं कुठं?

मग खालून धाडकन काहीतरी लागलं. तात्यांनी वल्हं खाली सोडून चाचपलं. "भिंत हाय. दगडी."

आत्यांचा चेहरा असा फुलला की मला रडू आलं. "आमचीच! म्हनलं नव्हतं?"

"होडी भरतीया," तात्या म्हणाले. "वजन कमी झालं पायजे. तुमी भिंतीवर उतरून उभ्या ऱ्हा, तवर मी जाळं कापतो आन पाणी काढतो." मी विचार करायच्या आत आत्यांनी लुगडं वर खोचलं, कड धरली आणि उतरल्या. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत. चारी बाजूंनी पाणी आणि मधोमध माझी सासू उभी.

"दे तिला," म्हणत त्यांनी हात पसरले.

हेच, एवढंच मी कधी केलं नव्हतं. होडी भरत होती, ते मला दिसत होतं. पण त्या हातांनी आठवड्यापूर्वीच रिकामा गॅस पेटवून ठेवला होता. मी पोरीला छातीशी धरलं आणि सोडेना. "आगं दे की! माझीबी नात हाय ती," आत्या ओरडल्या. आणखी एक लाट आत आली. तात्यांनी नुसतं "ताई" म्हटलं, आणि मी पोर आत्यांच्या हातात दिली. दिली ती त्यांच्यावर विश्वास बसून नाही. दुसरं काही उरलंच नव्हतं म्हणून दिली. मग मी उतरले.

भिंत शेवाळानं बुळबुळीत, हात-दीड हात रुंद. पोरीला मध्ये घेऊन आम्ही उभ्या राहिलो. पायानं चाचपताना मला वाटलं, ही सरळ नाही, वळत गेलीय. कुठल्या घराची भिंत अशी वळते? पण तेव्हा विचार करायला डोकं जागेवर कुठं होतं?

"आई, ह्या बाजूचं पाणी गार आहे," पोरगी म्हणाली. ती एक पाय खाली सोडून बघत होती.

"त्यो आमचा सोपा, घराची म्होरली खोली," आत्या म्हणाल्या. "उन्हाळ्यातबी गारच असायचा. चला, आत उतरा. आत सपाट हाय. हितं वाऱ्यात कशाला उभ्या ऱ्हाता?" आणि त्या पोरीचा हात धरून तिला आत न्यायला लागल्या.

"नाही," मी म्हटलं.

"आगं कंबरंएवढं बी न्हाय. माझं घर हाय, मला म्हाईत न्हाय व्हय?"

"नाही म्हणजे नाही, आत्या. सोडा तिला."

मला काही कळलं होतं असं अजिबात नाही. मी अशी भेदरले होते की त्या वेळी कुणी मला काठावर उतर म्हटलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. पायाखाली जेवढं होतं तेवढंच मला पुरे होतं. पोरीचा एक हात त्यांच्याकडं, एक माझ्याकडं, आणि आम्ही दोघी भर पाण्यात ओढाओढ करत भांडत होतो. शेवटी आत्यांनीच हात सोडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"माझ्या माहेरच्या घरात पाय ठेवायला बी नगं झालं," त्या म्हणाल्या. मग एकट्याच वाकून त्यांनी खण-नारळ त्या गार पाण्यात सोडला. स्वतः आत मात्र उतरल्या नाहीत. आम्ही आलो नाही म्हणून रुसल्या होत्या.

तात्यांनी जाळं कापलं, डब्यानं पाणी उपसलं, वारंही पडलं. आम्ही काठाला लागलो. नवरा हसत पुढं आला, पण माझं तोंड बघून त्याचं हसू मावळलं. मासे कुणी खाल्ले नाहीत.

पुढचे कितीतरी दिवस आत्या भेटेल त्याला सांगत होत्या, "माहेरानं धरलं आमाला. न्हायतर बुडालोच व्हतो." आणि मग आवाज खाली आणून, मला ऐकू जाईल एवढाच खाली, "पर सून काय दारातनं आत आली न्हाय." मला खरंच वाईट वाटायचं. त्यांचं बोट खरं निघालं होतं. मी त्यांच्यावर अविश्वास दाखवला आणि त्यांच्याच भिंतीनं माझी पोर वाचवली, असं मीही धरून चालले होते. एकदा तर मी पोरीला त्यांच्याबरोबर दुकानात पाठवलं. त्या दिवशी आत्या दोन घास जास्त जेवल्या.

मे संपत आला तेव्हा पाणी पार खाली गेलं. आत्या म्हणाल्या, आता चालत जाता येईल, चला. मी ह्या वेळी पोटदुखी काढली नाही. जमिनीवरून जायचं होतं आणि मला त्यांच्या घरात जायचं होतं.

भेगाळलेल्या गाळावरून आम्ही देवळाच्या मागं गेलो. आत्या पुढं, भराभर. डाव्या हाताला दगडी बांधकाम दिसलं. मी ते लगेच ओळखलं, कारण तात्यांनी कापलेल्या जाळ्याचा तुकडा त्याच्या कडेला अजून लोंबत होता. आत्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. त्या त्याच्याजवळून सरळ पुढं गेल्या, बऱ्याच लांब, आणि एका सपाट जागी थांबल्या. तिथं काहीच नव्हतं. मातीची घरं ती, पाण्यात विरघळून कधीच गेली होती. उरलं होतं ते फक्त दगडाचं.

मी आणि नवरा त्या भिंतीपाशी गेलो. ती गोल होती.

विहीर. घडीव दगडाची, जुनी, मोटेची विहीर. आम्ही तिच्या काठावर उभ्या होतो. आत पाणी होतं, काळंशार. जवळ मासेमारांचा एक लांब बांबू पडला होता. नवऱ्यानं तो आत सोडला. सोडत गेला, सोडत गेला, हात पाण्याला टेकला तरी बांबू कुठं अडला नाही. त्यानं तो तसाच सोडून दिला आणि मटकन खाली बसला.

त्या दिवशी होडीत मी घाबरले होते. ते काहीच नव्हतं. खरी भीती मला कोरड्या जमिनीवर, भर उन्हात, तिथं वाटली. हात धरून आत न्यायला निघालेली ती बाई नातीवर जीव टाकणारी होती, आणि जॅकेटाविना तीही त्यात उतरणार होती.

"आई," पोरगी काठावर वाकायला लागली तसं मी तिला मागं ओढलं. "आपण ह्याच्यावर उभे होतो? मग आजीचा सोपा?"

लांबून आत्यांची हाक आली. त्या त्या मोकळ्या जागेवर मांडी घालून बसल्या होत्या. "ये की गं आता तरी! त्या दिशी दारातनं परत गेलीस!"

"आजीला सांगायचं?" पोरीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

मी तिचा हात घट्ट धरला आणि आम्ही तिकडं गेलो. आत्यांनी हातानं शेजारची माती झाडली. "बस. हितं सपाट हाय."

मी आधी पायानं जमीन दाबून बघितली. मग बसले.