डावीकडचा मागचा जोड

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक गाडी चार वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. एके काळी ती साधी छोटी गाडी होती, बायकोला मंडईत नेणारी. मग मी तिची मागची सीट काढली, दारांच्या आतले पुठ्ठे काढले, एका मोठ्या गाडीचं इंजिन आणून बसवलं. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा उभा राहिला, गाडी उलटली तर आतला माणूस चिरडू नये म्हणून. एवढं सगळं झाल्यावर ती रस्त्यावर चालवण्याच्या कामाची उरली नाही, फक्त रेसच्या ट्रॅकवर पळवण्याजोगी झाली. आणि ट्रॅकवर ती एकदाही पळाली नाही.

यंदा सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला यायचं ठरलं. शेडच्या जागी त्यांच्यासाठी खोली बांधायची होती.

"अख्खी विका नाहीतर सुटी करून विका," बायको म्हणाली, "पण एकदाचं ठरवा."

सुटी केली तर गिऱ्हाइकं पटापट मिळतात. इंजिन एकाला, सीट दुसऱ्याला, चाकं तिसऱ्याला. अख्खी घेणारा शोधावा लागतो. मला ती अख्खीच द्यायची होती. तीन वर्षांचे रविवार त्या गाडीत गेले होते, आणि ते माझ्या एकट्याचे नव्हते.

मी जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहे. पिंजरा बांधणारे मिस्तरी आमच्याच मिलमधले वेल्डर. केदारखेड्याहून रोज मोटरसायकलवर यायचे. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. मिलमध्ये कुठे अवघड जोड निघाला की सगळे त्यांची वाट बघत थांबायचे. मी गाडीचा विषय काढला तेव्हा ते आधी हसले.

"पिंजरा म्हन्ता, मंग वाघ कोन? तुमीच का?"

पण पुढच्या रविवारी आले. नंतर येतच राहिले. स्वतः त्यांना चारचाकी चालवता येत नव्हती. एवढं बारीक काम मिलमध्ये कुठं मिळतं, असं म्हणायचे. एक जोड झाला की तोंडासमोरची वेल्डिंगची काच वर करून, तो गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभे राहायचे.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पिंजरा संपत आला. चालकाच्या पाठीमागे जी उभी कमान असते, तिला मागून दोन पाइप टेकू देतात. त्यातला डावा पाइप कमानीला छताजवळ मिळतो, तो एक जोड तेवढा राहिला होता. तिथे हात वाकडा करून, मान मोडून काम करावं लागतं. त्या शनिवारी मिस्तरी मिलमधून थेट आले, दोन-तीन जोड मारले आणि लवकर उठले. सोमवारी त्यांच्या मुलीचं लग्न होतं.

"डाव्या अंगाचा एक राह्यलाय," जाता जाता म्हणाले. "मी आल्यावर मारतो. तुमी हात लावू नका, साहेब. आन् लग्नाला याच."

दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर हौशी लोकांना गाडी चालवू देतात, तिथली तारीख मी धरून ठेवली होती. ट्रक ठरला होता. रंग बाकी होता. सोमवारी मी मिस्तरींना फोन केला आणि मिलमध्ये ब्रेकडाऊन झालंय, येता येत नाही असं सांगितलं. मग शेडमध्ये जाऊन तो जोड स्वतः मारला.

मी इंजिनिअर आहे. वेल्डिंगबद्दल तासभर बोलू शकतो. हाताला मात्र जमत नाही. मी मारलेला जोड वरून फुगीर दिसत होता आणि आत उतरलाच नव्हता. धातू नुसता वर बसला होता, पोळीवर वाळलेल्या कणकेसारखा. ते मला त्याच वेळी कळलं. मी ग्राइंडर फिरवून तो सपाट केला आणि त्यावर लांबी भरली, पेंटर लोक रंगाआधी खड्ड्यात भरतात ती. एकाच जोडावर लांबी दिसली असती तर मिस्तरींनी विचारलं असतं, म्हणून सगळ्याच जोडांवर लावली. त्यांच्या सुंदर, माशाच्या खवल्यांसारख्या जोडांवरही. मग सगळ्याला राखाडी रंग मारला.

आठ दिवसांनी ते बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन आले. पिंजऱ्याभोवती फिरले.

"लई साफ दिसून राह्यलाय," म्हणाले. मग थांबले. "तो डाव्या अंगाचा जोड राह्यला होता ना?"

"नाही हो," मी म्हणालो. "त्या शनिवारी मारून गेलात की तुम्ही."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग कपाळावर हात मारून हसले. "बराबर. ध्यान सगळं लग्नात होतं माहं."

खरं सांगता आलं असतं. फार तर ते रागावले असते, जोड कापून पुन्हा मारला असता, अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण आम्ही बरोबर काम करायला लागल्यापासून ते मला साहेब म्हणायचे आणि मी त्यांना शिकवल्यासारखं बोलायचो. त्यांनी नको म्हटलेलं केलं आणि ते बिघडवलं, हे त्यांच्यासमोर कबूल करणं मला जमलं नाही.

ट्रॅकवर आम्ही दोघं रेल्वेने गेलो. मिस्तरींनी लग्नातला नवा शर्ट घातला होता. तिथे गाडी सोडण्याआधी तपासणी होते. तपासणारा म्हातारा माणूस होता, गळ्यात टॉर्च अडकवलेला. त्याने पिंजऱ्यावर स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकत ठोकत फेरी घातली. डाव्या मागच्या जोडाशी आवाज बदलला. त्याने टोकाने खरवडलं, लांबीचा पापुद्रा निघाला आणि खाली केसासारखी बारीक चीर दिसली.

"ये जोड किसने मारा?"

मी बूट बघत होतो. बुटाची नाडी सुटलेलीही नव्हती.

"मैंने मारा, साब," मिस्तरी म्हणाले.

म्हातारा त्यांना काही वाईट बोलला नाही. फक्त माझ्याकडे वळून म्हणाला की ही गाडी आत सोडता येणार नाही. परतीच्या गाडीत मिस्तरी खिडकीशी बसले होते. कितीतरी स्टेशनं गेली. मग म्हणाले, "माह्या हातानं तुमचा जीव गेला असता, साहेब."

मी म्हणालो, "जाऊ द्या आता." एवढंच म्हणालो.

मिलमध्ये त्यांनी पुढच्या महिन्यात वेल्डिंग सोडून स्टोअरला बदली मागून घेतली. मॅनेजरला सांगितलं, नजर कमी झालीय. भोकरदनला डोळे तपासून आले. डॉक्टरने नजर चांगली असल्याचं सांगितलं, तर म्हणाले, डॉक्टरला काय कळतं, मला दिसलंय काय ते. वर्षभराने नोकरी सोडून गावी मोसंबीची बाग बघायला लागले. मी निरोप समारंभात त्यांच्याबद्दल दोन शब्द बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तर आता गाडी अख्खी घेणारा मिळाला. संभाजीनगरचा एक दातांचा डॉक्टर, चाळिशीचा, हौशी, बोलायला गोड. ट्रॅकवर जायचं म्हणून हेल्मेट घेऊन तयार होता. गाडीत बसला, कमान दोन्ही हातांनी धरून हलवून बघितली.

"पिंजरा मजबूत आहे ना?"

"एकदम," मी म्हणालो.

तो शब्द तोंडातून इतका सहज गेला की मलाच भीती वाटली. त्याने बयाणा दिला, पुढच्या आठवड्यात ट्रक पाठवतो म्हणाला, गेटपाशी बायकोला नमस्कार करून गेला. त्या दिवशी जेवताना बायकोने विचारलं, "गाडी जातेय म्हणून वाईट वाटतंय का?" मी हो म्हणालो. तेही खोटंच होतं. मला त्याचे दोन हात दिसत होते, कमानीवरचे.

तीन दिवसांनी रजा टाकून मी केदारखेड्याला गेलो. मिस्तरी बागेत ठिबकच्या नळ्या साफ करत होते. मला बघून खरोखर खूश झाले. "अरे साहेब! फोन तरी करायचा." घराकडे तोंड करून त्यांनी चहासाठी वहिनींना हाक दिली.

मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तो जोड तुमचा नव्हता. मी मारला होता.

त्यांना आधी कळलंच नाही. मग हातातली नळी खाली ठेवली.

"कोनत्या दिवशी?"

"लग्नाच्या दिवशी."

"तुमी तर म्हन्ले होते मिलमधी ब्रेकडाऊन हे."

"खोटं बोललो होतो."

"आन् मी इचारलं तवा?"

"तेव्हाही."

"आन् तिकडं त्या म्हाताऱ्यानं इचारलं तवा? तुमी बाजूलाच उभे होते ना?"

मी होकाराची मान हलवली. ते झाडाच्या आळ्यापाशी खाली बसले. माझ्याकडे न बघता बोलले.

"चार साल मी माह्या डोळ्यावर भरोसा ठेवला न्हाई. रस्ता वलांडताना सुद्धा. नातीला गाडीवर बसवत न्हाई मी. माही पोरगी म्हन्ते, बाबा, तुमाला झालं काय."

मी माफी मागितली. तो शब्द त्यांच्यापर्यंत पोचला की नाही ठाऊक नाही. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बांधावरून येताना दिसल्या. मिस्तरी उठले आणि त्यांना म्हणाले, "नेय परत. साहेबाला जल्दी हे."

आमच्या भागात आलेल्या माणसाला चहा न पाजता कुणी पाठवत नाही. वहिनी कप धरून तशाच उभ्या राहिल्या. मी मोटरसायकल चालू केली.

घरी येऊन दातांच्या डॉक्टरला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो चिडला. "मग 'एकदम' कशाला म्हणालात?" पण माणूस व्यवहारी होता. म्हणाला, चांगल्या वेल्डरकडून जोड करून घ्या, तपासून दाखवा, मी घेतो. म्हणजे गाडी अजूनही अख्खी जाऊ शकत होती. मी मिलमधल्या सध्याच्या वेल्डरला आणून जोड दाखवला. तो म्हणाला, किरकोळ काम आहे, रविवारी करून टाकतो.

रविवारी तो येण्याआधीच गेटशी ओळखीच्या मोटरसायकलचा आवाज आला. मिस्तरी होते. घरात आले नाहीत, सरळ शेडकडे गेले.

"तारेचा ब्रश हे का?"

मी आणून पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. "तुमीच घासा. सगळे जोड."

मी गाडीत शिरून एकेका जोडावरची लांबी खरवडून काढायला लागलो. एक साफ झाला की मी बाजूला व्हायचो, ते वाकून बघायचे, बोट फिरवायचे, आणि पुढच्याकडे बोट दाखवायचे. मिलचा वेल्डर आला, थोडा वेळ बघत उभा राहिला आणि काही न विचारता निघून गेला. बायको दोनदा चहाचं विचारून गेली. दोन्ही वेळा त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दुपार झाली. माझे हात सोलवटले होते. त्यांच्या जोडांत कुठे टाचणीएवढंही छिद्र सापडलं नाही.

शेवटी डावा मागचा. तो त्यांनी फार वेळ पाहिला नाही.

"हा माह्या हातचा न्हाईच. बिलकुल न्हाई," म्हणाले. "तवाच खरवडून बघाया पाह्यजे होता. तुमच्या शब्दावर राह्यलो."

मी विचारलं, आता ते मारतील का. घेणारा तयार आहे, गाडी अख्खी राहील.

"मारू शकतो," ते म्हणाले. ते दोन शब्द त्यांनी सावकाश उच्चारले. मग हाताची धूळ झटकली. "पन मारनार न्हाई. तुमची गाडी हे. इका, तोडा, काय करायचं ते करा. मला इचारू नका."

ते गेल्यावर मी त्या दातांच्या डॉक्टरला गाडी देत नाही असं कळवलं आणि बयाणा परत केला. इंजिन पुण्याला गेलं, सीट आणि चाकं दुसरीकडे. उरलेला सांगाडा पिंजऱ्यासकट गॅस कटरने कापून भट्टीच्या भंगारात दिला. त्या वेळी मला ते प्रामाणिकपणाचं वाटलं होतं. बायको म्हणाली, "चूक तुमची, आणि शिक्षा गाडीला." ती बरोबर होती. मिलच्या वेल्डरने अर्ध्या दिवसात तो जोड नीट केला असता. डॉक्टर ट्रॅकवर फिरला असता, आणि तिथे कुणीतरी पिंजऱ्यात डोकावून विचारलं असतं की हे इतकं देखणं काम कुणाचं. माझ्या एका जोडापायी त्यांचे सगळे जोड मी भट्टीत घातले. हे मला भंगाराचा ट्रक फाटकातून बाहेर पडल्यावर सुचलं.

दिवाळीत मी केदारखेड्याला फोन केला. वहिनींनी उचलला. मिस्तरी घरी नव्हते. शेजारच्या गावात कुणाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली मोडली होती, ती जोडायला गेले होते. "आता जात्येत अधूनमधून," वहिनी म्हणाल्या. "सांगू का काई त्यांना?"

मी म्हणालो, नुसतं सांगा, फोन आला होता म्हणून.

त्यांनी सांगितलं असेलच. मिस्तरींचा फोन अजून आलेला नाही.