आधीच सांगतो

ये, अशी जवळ बस. तो फोन पालथा ठेव आधी. काल माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला तू त्यांच्या पाठीमागे ‘चक्रम’ म्हणालीस ना? चुकलीस पोरी. चक्रम काय, आपण सगळेच थोडेफार असतो. पण पोटात एक नि ओठात एक असं ज्याच्याकडे औषधालाही सापडणार नाही, असा अख्ख्या अमेरिकेत हा एकच माणूस. भावजींचं प्रत्येक वाक्य ‘आधीच सांगतो’ने सुरू होतं. जेवायला बोलावतील तर म्हणतील, “शनिवारी या. भरली वांगी आहेत. आणि आधीच सांगतो, नंतर नातवाचं व्हायोलिन आहे. पाऊण तास. सूर अजून लागत नाही.” निम्मी माणसं त्या शनिवारी आजारी पडतात. जुनी गाडी विकायला काढली, तर गिऱ्हाइकाला खाली वाकवून गंज दाखवला आणि उतारावर ती कशी कण्हते ते तोंडाने आवाज काढून दाखवलं. गाडी अजून दारातच आहे. गणपतीच्या पॉटलकला, प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचं त्या जेवणाला, तर मोदकांचा डबा उघडून मोठ्याने म्हणाले, “हे फ्रोजन आहेत बरं का, हिने केलेले नाहीत.” मैत्रिणीने तिथल्या तिथे डब्याला झाकण लावलं.

हे वेड त्यांना विमानाने लावलं, असं माझं मत. लेकीकडे जायचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून खुशीत काढलं. मग बॅगेचे पैसे वेगळे, सीट निवडायचे वेगळे, नवरा-बायकोला शेजारी बसायचं तर आणखी वेगळे. भावजी हट्टाला पेटले, एक पैसा जास्त देणार नाही. झालं! हे पुढे, आणि मैत्रीण पार मागे दोन दांडग्या माणसांच्या मधे, दुखरे गुडघे आवळून. पुढून यांची हाक, “अगं, दुखतंय का?” ही म्हणाली, “हळू बोला, ओरडण्याचेही लावतील!” उतरताना तिला व्हीलचेअर लागली. नंतर मला म्हणाले, “आधी सांगितलं असतं तर दिले असते हो वहिनी. लपवलं म्हणून डोकं फिरलं.”

आता गेल्या फॉलमधलं, पानगळीतलं ऐक. आमच्या गावात सार्वमत होतं. ज्येष्ठांसाठी सेंटर बांधायचं, त्यात कोमट पाण्याचा तलाव, आणि त्यासाठी प्रॉपर्टी टॅक्स वाढवायचा, हो की नाही? मैत्रिणीला डॉक्टरांनी कोमट पाण्यात चालायला सांगितलंय. तसा तलाव इथून तासाभराच्या ड्राइव्हवर, आणि मिनेसोटाचा हिवाळा तुला ठाऊक आहे. त्यामुळे ‘हो’वाल्यांचे पहिले स्वयंसेवक कोण, तर भावजी. पण पत्रक आलं, ‘वाढीव टॅक्स रोज एका कॉफीपेक्षाही कमी!’ आणि यांचं बिनसलं. “वर्षाचे किती? किती वर्षं? ते यात कुठे लिहिलंय?”

प्रचार सांभाळणारी आपली नागपूरची मुलगी म्हणाली, “काका, यार, एवढं कोण वाचतं? विचारलं तर सांगू ना.”

“विचारल्यावर सांगतात ते विमानवाले!”

मग दारोदार जाऊन हा माणूस म्हणायचा, “आधीच सांगतो, टॅक्स वाढेल आणि वीस वर्षं राहील. यात माझा स्वार्थ आहे, माझ्या बायकोचे गुडघे. तरी ‘हो’ म्हणा.” ‘नाही’वाल्यांनी छापलं होतं की म्हाताऱ्यांना घरं विकावी लागतील. हे त्यांच्याही प्रचाराच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले, “हे खोटं आहे, काढा.” दोन्हीकडून हाकलले गेले.

हरलो. अगदी थोडक्यात हरलो. “काका, तुमच्यामुळे,” असं त्या मुलीने तोंडावर सांगितलं. खरंच त्यांच्यामुळे का, कोण जाणे. पण ग्रोसरीच्या दुकानात आपलीच माणसं त्यांना बघून दुसऱ्या रांगेत वळायला लागली.

गेल्या आठवड्यात मी दोघांबरोबर त्या लांबच्या तलावावर गेले होते. बर्फाळ रस्त्याने भावजी जीव मुठीत धरून गाडी चालवत होते. मैत्रीण पाण्यात हळूहळू चालत होती, हे काठावर तिचा टॉवेल मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, “वहिनी, मी गप्प बसायला हवं होतं का?”

पाण्यातून तिने ऐकलं. “गप्प? तुम्ही?” म्हणाली. “हात द्या इकडे, पायरी निसरडी आहे.”

त्यांनी तिला वर घेतलं, टॉवेल खांद्यांवर नीट लपेटला, पण नजर माझ्याकडेच होती. मी आपल्या तिच्या चपला पुढे सरकवल्या.

हल्ली त्यांच्याकडे फारसं कोणी जात नाही. उद्या तू परत सांता क्लाराला, तुझ्या घरी निघालीस, जा, अडवत नाही. पण बर्फ वितळायची वाट बघू नकोस, लवकर ये. आपण दोघी त्यांच्या घरी जाऊन बसू, चांगली संध्याकाळभर.