मागच्या दिव्यापाशी मान टाकणारी रेघ

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, डेंटर आहेत. ठोकर खाल्लेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणं हा त्यांचा एकतीस वर्षांचा धंदा, आणि त्यातली शेवटची सतरा वर्षं आमच्याच वर्कशॉपमधली. मी तिथे काउंटरवर बसून गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी लिहून घेतो. नात्याचा माणूस म्हणून मी त्यांची बाजू घेईन असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा आमची जेवतानाची बोलणी ऐकावीत.

भाऊजींच्या लेखी गाडी म्हणजे हॅचबॅक. लांब डिकीची गाडी त्यांच्या खिजगणतीतही नाही. त्यांचं म्हणणं असं, की लांब गाडीला झाकायला जागा असते. पुढे काही बिनसलं तरी मागचं शेपूट सावरून घेतं. हॅचबॅकची पाठ एकदम कापलेली, तिथे लपवालपवी चालत नाही. छप्पर कुठून उतरायला लागतं, मागची काच किती कलते, चाकं किती कोपऱ्यात सरकलीत आणि चाकावर किती फट राहते, यावर सगळं रूप. फट जास्त असली तर ते म्हणतात, "हिची विजार आखूड झालीय."

पण त्यांचा खरा जीव रेघेवर. पुढच्या दिव्यापासून निघून, दारांच्या मुठींखालून मागच्या दिव्यापर्यंत पत्र्यात जी घडी पडलेली असते, ती रेघ. रेघ जमली की उभी गाडीही निघाल्यासारखी दिसते, असं ते सांगत राहतात आणि भाजी निवत राहते. ताई एकदा म्हणाली, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्या कोणत्या गालावर तीळ आहे, विचारा यांना." भाऊजींनी चुकीचा गाल सांगितला.

कामात मात्र बोट ठेवायला जागा नाही. पत्रा ठोकून झाला की ते डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवतात, मग हातात पेटती ट्यूबलाइट धरून तिचं प्रतिबिंब पत्र्यावरून सरकवतात. प्रतिबिंब कुठे थरथरलं तर पुन्हा हातोडी. आमची शेड अरुंद आहे. गाडी आणि भिंत यांच्यात दीड पाऊल जागा. तेवढ्यात ते एका डोळ्याने बघत उभे असतात आणि येणारा-जाणारा त्यांच्या कोपराला धडकतो.

एका मॉडेलशी मात्र त्यांचं उघड वैर होतं. त्या गाडीची रेघ मागच्या चाकावर आली की दोन बोटं खाली झुकते आणि तशीच दिव्यात शिरते. "इथवर छान आणली आणि ऐन मोक्याला मान टाकली," ते चिडून म्हणत. "काढणाऱ्याला घरी जायची घाई झाली असणार."

गेल्या वर्षी त्याच मॉडेलची गडद निळी गाडी आली. डावीकडचा मागचा पत्रा पार चेपलेला. गाडी एका टेलर बाईंची होती. भाऊजींनी नऊ दिवस घेतले. बाई गाडी घेऊन गेल्या आणि चौथ्या दिवशी परत आल्या.

"काम सुरेख झालंय," त्या मला म्हणाल्या, "पण गाडी माझी वाटत नाही."

वर्कशॉपच्या मालकांनी टेप आणून दोन्ही बाजू मोजल्या. उजवीकडची रेघ झुकत होती, डावीकडची सरळ दिव्याला भिडत होती.

"हे चुकून झालं ना?" मालकांनी विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "मुद्दाम केलं. मूळचीच चुकलेली होती, मी दुरुस्त केली."

मालक तसे शांत माणूस, पण त्यांचा आवाज चढला. "आपण गाड्या होत्या तशा करून देतो. ही होती तशी करा, नाहीतर उद्यापासून दुसरीकडे काम बघा."

"चांगली रेघ मी माझ्या हाताने मोडणार नाही," असं म्हणून भाऊजींनी ॲप्रनची गाठ सोडली. छप्पन्नाव्या वर्षी डेंटरला कोण ठेवून घेणार? हल्ली चेपलेला पत्रा ठोकत बसण्यापेक्षा नवाच बसवतात. आणि हे घरी जाऊन ताईला सांगायचं कुणी, तर मी.

बाई मध्ये पडल्या. "थांबा जरा. मी कपडे शिवते. ड्रेस टेबलावर पसरून मला काही कळत नाही. घालायला देते आणि चालून दाखवा म्हणते. तुम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहा, मी गाडी चालवून आणते."

भाऊजी गेले ते हट्टाने, बाईंना खोटं पाडायला. मीही मागोमाग गेलो. गाडी जाताना डावी बाजू दिसली. रेघ लखलखीत, दोरी ताणल्यासारखी. पण खालचं चाक तिच्या खिजगणतीत नव्हतं. गाडी वेगळी आणि चाक वेगळं चाललं होतं. येताना उजवी बाजू दिसली. उजेड रेघेवरून घसरत आला, चाकावर उतरला, आणि सगळं वजन तिथे बसलं. ती गाडी जमिनीला रेटा देऊन पुढे जात होती. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, तरी एवढं दिसलं.

"अजून एकदा," भाऊजी म्हणाले. बाईंनी आणखी दोन चकरा मारल्या. मग भाऊजींनी रस्ता ओलांडला, खुंटीवरचा ॲप्रन पुन्हा बांधला आणि गाडी आत घ्यायला सांगितली. मला सुटल्यासारखं झालं. वाईटही वाटलं, आणि ते जास्त वाटलं.

"तुमचीही रेघ काही वाईट नव्हती, भाऊजी," मी म्हणालो.

"नव्हतीच." ते आपल्याच रेघेवरून तळहात फिरवत होते. "पण एकतीस वर्षांत मी एकही गाडी चालताना बघितली नाही रे. माझ्याकडे आल्या त्या सगळ्या उभ्या."

मग त्यांनी मला ट्यूब धरायला लावली आणि रेघेवर पहिला घाव घातला.